कांदा बारा आणे

'कांदा बारा आणे' हे गाणं मुळात कांद्याचं नव्हतं, हे आता कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही. सत्तरनंतरच्या त्या दोन-चार वर्षांत नगर जिल्ह्यात ते वाजलं नाही अशी वरात क्वचितच निघाली असेल. टोप्या खिशात कोंबून, रुमाल दातात धरून माणसं त्यावर नाचली. पण गाणं होतं विलायतेचं, रॉक अँड रोल म्हणतात त्या जातीचं, आणि त्यातला माणूस ॲनी नावाच्या मुलीला धान्याच्या कोठारात नाचायला बोलवत होता. 'कम टु द बार्न, ॲनी.' एवढंच, फिरून फिरून. आमच्या बँडमधल्या ढोलवाल्या गेनूभाऊनं ते मास्तरांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं आणि टिपरू खाली ठेवून म्हणाला, "कांदा बारा आणे? कोण इकतंय एवढा सस्ता?"

झालं. तेच नाव पडलं. लग्नघरचे लोक लांबून ओरडायचे, "मास्तर, कांदा लावा!"

सायमन मास्तरांनी एकदाच दुरुस्ती करून पाहिली. पारनेरकडच्या एका वरातीत नवरदेवाच्या चुलत्याला त्यांनी कोठार, ॲनी, नाच, सगळं समजावून सांगितलं. चुलता मन लावून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "म्हंजी कांदा कोठारातच हाय ना?" त्यानंतर मास्तरांनी नाद सोडला. मला म्हणाले, "त्यांना कांदा दिसतोय, मला ॲनी दिसती. नाचू दे की."

ॲनी हे त्यांच्या बायकोचं नाव.

मास्तर आमच्या बँडचे पुढारी. पहिला ट्रम्पेट त्यांचा, दुसरा माझा. वरच्या ओठावर ट्रम्पेटच्या तोंडीचा गोल वण कायमचा उमटलेला. मिशी ठेवली असती तर झाकला गेला असता, पण ते म्हणायचे, "पाटलाला मिशी, मला हा शिक्का." लाल कोटाला इस्त्री स्वतः करायचे. आमचे कोट चुरगळलेले असले तर वाजवायला उभं करायचे, पण मागच्या रांगेत. वाजवण्याआधी एक लवंग जिभेखाली जायची. मग ते जरा बाजूला तोंड करून टोपी काढायचे आणि पुटपुटायचे, "बापा, ओठ शाबूत ठेव." देवाकडे दुसरं काही मागितलेलं मी ऐकलं नाही. गेनूभाऊ चिडवायचा, "मास्तर, पोटापान्याचंबी बघा की मागून." मास्तर म्हणायचे, "ओठ राहिले तर पोटाचं तेच बघतील."

कुणाचा सूर चुकला की ते शिवी द्यायचे नाहीत. वाजवता वाजवताच डोळे बारीक करायचे आणि गाणं संपलं की म्हणायचे, "भातात खडा आला रे." आणि ज्याचा खडा त्याच्याकडे बघायचेही नाहीत. तो ज्याचा त्याला ठाऊक असायचा. बहुतेक वेळा माझाच असे.

गाणं त्यांना मिळालं ते भिंगारच्या कॅम्पात. तिथल्या साहेबलोकांच्या क्लबात शनिवारी नाच असायचा आणि मास्तर तरुणपणी तिथल्या वाद्यवृंदात होते. कुणा साहेबानं ती रेकॉर्ड आणली. मास्तर मुदपाकखान्याच्या दाराशी उभे राहून, हातात वाद्य नसताना नुसते ओठ हलवत ती शिकले. आत खानसाम्याची मुलगी ग्लास धूत बसलेली असे. ती म्हणाली, "तो कोण आहे माझं नाव घेणारा?"

"तुला आवडत नसेल तर मी घेतो," मास्तर म्हणाले.

"आणि कोठारात कशाला बोलवतोय? उंदीर असतात कोठारात."

हा संवाद दोघांनी मला इतक्या वेळा करून दाखवला होता की मी तिथं हजर होतो असंच मला वाटतं. पुढं त्यांचं लग्न झालं. नाताळात त्यांच्या खोलीपुढच्या अंगणात मी त्यांना नाचताना पाहिलंय. म्हणजे मास्तर वाजवायचे आणि ॲनीवहिनी नाचायच्या. पदर खोचून, कपाळाला आठी घालून, भाकरी थापताना बाई जशी कामात असते तशा. हसायच्या नाहीत. गाणं संपलं की मात्र एकदम तोंडावर पदर घेऊन घरात पळायच्या, आणि आतून हसण्याचा आवाज यायचा.

क्लब सुटला तसे मास्तर आमच्या लग्नाच्या बँडमध्ये आले आणि येताना ते गाणं घेऊन आले. मग ते आमचं राहिलंच नाही. नगरातले दुसरे बँडवाले साध्या कपड्यात आमच्या मिरवणुकीमागून चालायचे आणि चाल पाठ करून न्यायचे. शेवगावकडच्या एका बँडनं ती नेली त्या दिवशी नेमका माझा एक सूर चुकला होता. त्यांनी तो चुकीसकट नेला. मग त्या अंगाला सगळे बँड तसंच वाजवू लागले, आणि एकदा तर तिकडच्या एका म्हाताऱ्यानं मास्तरांनाच सुनावलं, "तुमचं चुकतंय मास्तर. आमच्याकडं खरं वाजवत्यात." मास्तर दिवसभर हसत होते. "यशवंता, तुझ्या खड्याचं देऊळ झालं बघ."

एका तमाशाच्या फडानं त्याची लावणी केली. बाई ठसक्यात म्हणायची, "कांदा बारा आणे, दाजी, डोळ्यांत पाणी कुणाच्यानं?" राहुरीजवळच्या एका भजनी मंडळानं तर त्यावर 'देवा तुझ्या दारी काय उणे' असं बसवलं. आम्हाला वाटलं मास्तर चिडतील. मास्तर चपला काढून देवळात मागं जाऊन बसले, डोळे मिटून टाळ्या वाजवत राहिले. बाहेर आल्यावर म्हणाले, "यांनी संथ केलं. संथ केल्यावर कळतं, ते गाणं आनंदाचं नाहीच. तो तिला बोलावतोय. ती आली, असं कुठं म्हटलंय त्यात?"

रविवारच्या शाळेतल्या पोरांनीही त्यावर शास्त्रातली वचनं बसवली, तेव्हा पाळकसाहेबांनी मास्तरांना बोलावून घेतलं. "मास्तर, हे सैतानाच्या नाचाचं गाणं."

"असेल साहेब. पण आता त्याच्या हातून सुटलंय ना? बरंच झालं की."

कुणी नक्कल केली म्हणून ते कधी भांडले नाहीत. उलट कुठं नवी तऱ्हा निघाली असं कळलं की पदरमोड करून ऐकायला जायचे. म्हणायचे, "गाणं सगळ्यांचंच उसनं असतं बाबा. दम तेवढा आपला." इतक्या तोंडांतून फिरून आलं तरी ते त्यांना ओळखू यायचं, याचंच त्यांना अप्रूप होतं.

त्यांना एक मुलगी होती, रूथ. नुकती चालायला लागलेली. पाथर्डीकडच्या एका लग्नाला आम्ही निघालो त्या सकाळी तिच्या अंगात ताप होता. ॲनीवहिनी दारात येऊन म्हणाल्या, "आज नाही गेलात तर?" मास्तर म्हणाले, "संध्याकाळच्या गाडीनं येतो." आणि ते खरंच येणार होते. पण वरात रंगात आली. लोक सोडेनात. "कांदा! कांदा!" नवरदेवाच्या मामानं मास्तरांना खांद्यावर घेतलं. मास्तर वरून मान हलवून मला खुणावत होते, गाडी, गाडी. मी ट्रम्पेट खाली घेतला असता तर गाणं तिथंच थांबलं असतं. पण मलाही चढलं होतं. मी वाजवत राहिलो. गाडी गेली.

सकाळी दुधाच्या गाडीनं नगरात पोचलो तर त्यांच्या अंगणात माणसं उभी होती.

ॲनीवहिनींनी रडून गोंधळ केला नाही. त्यांनी नवऱ्याकडं पाहिलं, अंगावरच्या लाल कोटाकडं पाहिलं आणि विचारलं, "काय वाजवत होतात?"

दुसरा कुणी असता तर खोटं बोलला असता. मास्तर म्हणाले, "तुझंच."

रूथला मूठमाती दिल्यानंतर काही दिवसांनी त्या देवळाली प्रवऱ्याला भावाकडं गेल्या. भाऊ साखर कारखान्यात फिटर होता. त्या परत आल्या नाहीत.

मास्तर ते गाणं वाजवतच राहिले. लोक म्हणाले, काळीज आहे का दगड. मलाही तसंच वाटलं, म्हणून एकदा मी विचारलं. त्यांनी ट्रम्पेट पुसायला घेतला. "तिच्या नावाचं एवढंच राहिलंय माझ्याजवळ," म्हणाले. "ती आली की मग कशाला लागतंय? मग काय, हाक मारीन की सरळ."

दर रविवारी देवळातून आले की ते खोली झाडायचे. वहिनींचं ताट घासून फळीवर पालथं घालायचे, दुसऱ्या कुणाला त्यात वाढू द्यायचे नाहीत. बोलावणं येईल आणि आपण निघू, अशा तयारीत असलेला माणूस. पण आपणहून जायचे नाहीत. "मी गेलो तर तिला यावं लागेल," म्हणायचे. "तिला यावंसं वाटलं पाहिजे."

मग बाहत्तरचा दुष्काळ आला. माणसं खडी फोडायला गेली, लग्नं पुढं ढकलली गेली. जी काही होत होती त्यांत बँड म्हणजे चैन. आमचा मालक स्पष्ट म्हणाला, "आपल्याला बोलावत्यात ते कांद्यासाठी. कांदा न्हाई तर बँड न्हाई." ते खोटं नव्हतं.

माझी थोरली बहीण देवळालीलाच दिलेली. तिच्याकडं गेलो असताना विहिरीवरून येणाऱ्या ॲनीवहिनी वाटेत भेटल्या. वाळल्या होत्या. कळशी कमरेवर तशीच ठेवून म्हणाल्या, "यशवंतभाऊ, बरे आहेत का ते?"

"आहेत की."

"लवंग ठेवतात का अजून? तोंड येतं त्यांना त्यानं. ऐकत नाहीत."

"ठेवतात."

"आणि ते गाणं? अजून वाजवतात?"

"वाजवावं लागतं वहिनी. लोक सोडत नाहीत."

त्यांनी कळशी खाली ठेवली. "इथं कुणाचंही लग्न असो, वाजतंच ते. कुठलाही बँड असो. मी खिडक्या लावून बसते, तरी येतं आत. माझं नाव ऐकलं की मला रूथचं तापलेलं अंग हाताला लागतं. भाऊ, त्यांना एवढं सांगा. ते गाणं सोडा म्हणावं. सोडलं असा निरोप आला की त्या दिवशी मी नगरची गाडी पकडते. मला दुसरं काही नको. दुसरं काय हवं ते वाजवा म्हणावं, जन्मभर वाजवा."

"सांगतो," मी म्हणालो. आणि खरोखर सांगणार होतो. राहुरी मागं पडेपर्यंत तरी.

मास्तर कोटाला इस्त्री करत होते. मी म्हटलं, "वहिनी भेटल्या होत्या." इस्त्री जागच्या जागी थांबली.

"काय म्हणाली?"

"बऱ्या आहेत. लवंगेवरून रागावल्या." आणि मग मी म्हणालो, "विचारत होत्या, अजून ते गाणं वाजवतात का."

"असं विचारलं तिनं?"

"असंच विचारलं."

मी तिथंच थांबलो. यातला एकही शब्द खोटा नव्हता, सगळे वहिनींचेच होते. इतकी वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलोय. पण मास्तरांच्या तोंडावर जे उमटलं ते मी पाहिलं. कोट करपल्याचा वास सुटला तरी त्यांना कळलं नाही. "अजून वाजवतात का, म्हणाली," ते स्वतःशीच म्हणत राहिले. आणि मी ते दुरुस्त केलं नाही.

का, ते सांगतो. मनाशी म्हटलं, एवढा हंगाम जाऊ दे, मग सांगू. तो हंगाम म्हणजे आम्हा सगळ्यांची चूल होती, हे खरं. पण तेवढंच असतं तर आज लिहायला बसलो नसतो. त्या गाण्यात मास्तरांच्या बाजूला मी उभा असायचो. गर्दी आमच्या दोघांकडं बघायची, पोरी बघायच्या. ते गाणं गेलं की मी लाल कोटातला एक कुणीतरी होतो. वहिनी आल्या असत्या, मास्तरांनी ते सोडलं असतं. एका शब्दावर सोडलं असतं, मला माहीत होतं. म्हणूनच तो शब्द मी दिला नाही.

पुढं देवळालीचीच एक सुपारी आली. बागाईतदाराचं लग्न. मास्तरांनी मालकाला सांगून ती घ्यायलाच लावली. दिवसाउजेडी नवरदेव मारुतीला निघाला. वळणावर ॲनीवहिनींच्या भावाचं घर. तिथं मास्तरांनी हात वर करून मिरवणूक थांबवली, टोपी काढली, ओठ हलवले. गेनूभाऊला खूण केली, ढोल नको. आणि एकट्यानं सुरू केलं.

ते मी आजवर ऐकलेल्या कुठल्याच तऱ्हेचं नव्हतं. रेकॉर्डसारखं नव्हतं, वरातीतलं नव्हतं, भजनातलंही नव्हतं. प्रत्येक सूर जणू उंबऱ्यावर ठेवून ते मागं सरत होते. खिडकी उघडी होती. वहिनी तिथं आल्या. मला दिसल्या. त्यांनी आधी मास्तरांकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी मान खाली घातली. खिडकीचं एक दार लागलं, मग दुसरं, मग आतून कडी.

मास्तर तरीही वाजवत होते. घोड्याच्या बाजूनं कुणीतरी ओरडलं, "ओ मास्तर, मयताला आलाय का लग्नाला? कांदा लावा की नीट!" लोक हसले. मास्तरांनी डोळे पुसले नाहीत, काही नाही. गेनूभाऊकडं बघून मान हलवली. ढोल सुरू झाला, आणि आम्ही लावला कांदा.

मारुतीच्या पायरीवर बसले तेव्हा त्यांनी मला जवळ बोलावलं. "यशवंता, नक्की काय म्हणाली होती ती? शब्दाला शब्द सांग."

उरलेला निरोप तेव्हाही माझ्या तोंडात होता. ते घर हाकेच्या अंतरावर होतं. पळत गेलो असतो तरी चाललं असतं.

"एवढंच," मी म्हणालो.

"आणखी काहीच नाही? आठव बरं."

"नाही मास्तर."

त्यांनी ट्रम्पेट उपडा करून त्यातलं पाणी काढलं. "मग माझंच कमी पडलं," म्हणाले. "पुन्हा यावं लागेल इकडं."

बहिणीनं मला नंतर सांगितलं. ॲनीवहिनी तिच्याकडं आल्या होत्या आणि म्हणाल्या होत्या, "माझा निरोप पोचला त्यांना. दारात येऊन उत्तर देऊन गेले." आणि त्या मिरजेकडं एका दवाखान्यात आयाच्या कामाला निघून गेल्या. बहीण विचारत होती, कसला रे निरोप? मी म्हणालो, मला काय ठाऊक.

मी बँड सोडला. नगरातच एका कारखान्यात लागलो. मास्तर नंतर राहुरीकडच्या एका लहानशा बँडमध्ये गेले असं कानावर आलं. त्यांना तिकडच्याच सुपाऱ्या हव्या असायच्या. ॲनीवहिनी आता देवळालीत नाहीत, असं कुणी सांगितलं तेव्हा ते म्हणाले म्हणे, "वाजतंय की ते सगळीकडं. पोचेल." ते वारल्याला आता काही वर्षं झाली. ॲनीवहिनींचं मला कळलं नाही. मी चौकशी केली नाही.

शेवटचे दिसले ते रस्त्यात. मी एसटीनं बहिणीकडं निघालो होतो, आणि राहुरीच्या अलीकडं एका वरातीनं गाडी अडवली. निळे कोट. मास्तरांचा त्यांना आखूड होत होता, मनगटं बाहेर. वरचे सूर आता दुसरा कुणी पोरगा घेत होता, मास्तर खालून धरून होते. बाकीचे बँडवाले नवरदेवाकडं तोंड करून मागं मागं चालत होते. मास्तर नाही. ते रस्त्याकडेच्या घरांकडं बघून वाजवत होते. एका खिडकीसमोर जरा थांबायचे, गाण्याचा एक फेरा पुरा करायचे, बघायचे, आणि पुढच्या घराकडं सरकायचे. बाया दारांत येऊन हसत होत्या, पोरं नाचत होती. ड्रायव्हरनं भोंगा दिला. मास्तर न बघताच बाजूला झाले, माझ्या खिडकीला अगदी लागून. हात बाहेर काढला असता तर खांद्याला लागला असता.

शेजारचा माणूस म्हणाला, "काय वाजवतो बघा म्हातारा!"

मी उतरलो नाही.